शाई संपली असे कोण म्हणते?

चेन्नईत माउंट रोड सोडून चिंताद्रीपेटच्या अंगाला वळले की रिची स्ट्रीट सुरू होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत वावरलेल्या माणसाला इथे भाषा सोडली तर काहीच परके वाटू नये. वायरींची भेंडोळी, उघडे पडलेले मदरबोर्ड, एका माणसाला जेमतेम उभे राहता येईल अशी दुकाने, आणि दुरुस्त होणार नाही असे जगात काही नसते हा तिथला ठाम विश्वास. अशा बाजारांत प्रिंटरच्या शाईशी संबंधित एक बारीक काम चालते. इंकजेट प्रिंटरच्या कार्ट्रिजवर सोनेरी ठिपक्यांची छोटीशी चिप असते. शाई भरून पुन्हा वापरायच्या कार्ट्रिजवर ती बदलावी लागते. जुनी चिप प्लॅस्टिकच्या दोन खुंट्यांवर वितळवून बसवलेली असते. कटरचे पाते खाली सरकवून ती उचकटायची, खुंट्या सपाट करायच्या, नवी चिप दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर किंवा गोंदाच्या थेंबावर ठेवायची आणि तिचे ठिपके प्रिंटरमधल्या पिनांच्या नेमके समोर येतात ना, ते पाहायचे. केसभर चूक झाली तरी प्रिंटर कार्ट्रिज ओळखत नाही. कंपन्यांच्या लेखी हे काम करणारा म्हणजे आडवाटेने धंदा करणारा माणूस. माझे म्हणणे असे की त्याच्या हातून कसलीही लबाडी होत नाही. लबाडी असलीच तर ती त्या चिपमध्ये आधीच भरून आलेली असते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे अजून कोणी धड प्रश्नही विचारलेला नाही.

आधी चिप करते काय ते पाहू. चिप म्हणजे थोडीशी स्मृती. कार्ट्रिज कोणत्या नमुन्याचे, कोणत्या रंगाचे, त्याचा अनुक्रमांक काय आणि त्यातली किती शाई खर्च झाली, एवढे तिच्यावर लिहिलेले असते. यातला शेवटचा आकडा बहुतेक वेळा कार्ट्रिजमध्ये डोकावून काढलेला नसतो. प्रिंटर पानावर किती थेंब उडवले ते मोजतो, हेड साफ करताना किती शाई ओढली ते त्यात मिळवतो आणि बेरीज चिपवर लिहून ठेवतो. बेरीज ठरलेल्या मर्यादेला टेकली की शाई संपली. कार्ट्रिजच्या पोटात प्रत्यक्ष काय उरले आहे याच्याशी त्या घोषणेचा संबंध अंदाजापुरता. खरोखर पाहण्याची सोय करता येत नाही असे नाही. कॅननच्या जुन्या, चिप नसलेल्या कार्ट्रिजांच्या तळाशी एक छोटा लोलक असे. त्यावर प्रकाश टाकून शाई आहे की नाही ते प्रिंटर ओळखायचा. २००५च्या सुमारास त्याच कंपनीच्या नव्या कार्ट्रिजांवर चिप आली. एप्सनसारख्या प्रिंटरांत हेड प्रिंटरमध्येच कायमचे बसवलेले असते आणि त्यात हवा शिरू नये म्हणून कार्ट्रिज पूर्ण कोरडे होण्याआधी थांबणे शहाणपणाचे असते, हे मान्य. पण किती आधी थांबायचे हे ठरवणारा आणि नवे कार्ट्रिज विकणारा एकच असला, की त्या शहाणपणाची तपासणी कोणीतरी तिऱ्हाइताने केली पाहिजे. अमेरिकेत याच मुद्द्यावर एप्सनविरुद्ध ग्राहकांचे सामूहिक दावे झाले आणि २००६ मध्ये कंपनीने तडजोड केली.

म्हणजे एकाच चिपला दोन कामे दिलेली आहेत. एक मोजपट्टीचे आणि एक कुलपाचे. शाई कमी झाली असे सांगणे हे पहिले काम. ही शाई माझ्या मालकाची नाही, सबब छापणार नाही, असे म्हणणे हे दुसरे. कंपन्या दोन्ही कामांची जाहिरात पहिल्याच्या नावाने करतात. दुसरे काम छपाईसाठी किती गरजेचे आहे, याचा पुरावा बाहेरच्या कोणी नव्हे, एका कंपनीनेच दिला. २०२२च्या जानेवारीत जगभर चिपांचा तुटवडा होता आणि कॅननला आपल्या कार्यालयीन यंत्रांच्या टोनर कार्ट्रिजांवर बसवायला चिपा मिळेनात. तेव्हा कॅननच्या जर्मन शाखेने ग्राहकांना जाहीरपणे कळवले की काही काळ टोनर चिपेविना येईल, यंत्र तक्रार करील, ती सूचना अमुक बटण दाबून बाजूला सारावी. छपाईच्या दर्जावर परिणाम होणार नाही, फार तर टोनरची पातळी दाखवण्यात अडचण येईल. टोनरची भुकटी आणि इंकजेटची शाई या वेगळ्या गोष्टी आहेत, पण चिपेचे काम दोन्हीकडे तेच. रिची स्ट्रीटवरचा कारागीर वर्षानुवर्षे जे सांगत आला तेच इथे खुद्द उत्पादकाच्या सहीशिक्क्याने सांगितले गेले. चिप नसली तर मोजपट्टी जाते, छपाई राहते. मग चिप असताना छपाई का थांबते?

या प्रश्नावर अमेरिकेत दोन मोठे खटले झाले आणि त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने आपल्या टोनर कार्ट्रिजांवर चिप बसवली. नॉर्थ कॅरोलायनातल्या स्टॅटिक कंट्रोल या कंपनीने तिला तोडीस तोड चिप काढली. लेक्समार्कने २००२ मध्ये दावा लावला तो कॉपीराइटच्या नव्या कायद्याखाली, म्हणजे संगीत आणि चित्रपटांच्या चोरीला आळा घालायला केलेल्या कायद्याखाली. त्यांचे म्हणणे असे की चिपेतल्या काही ओळींचा कार्यक्रम ही साहित्यकृती आहे आणि तिचे कुलूप मोडले गेले. खालच्या न्यायालयाला ते पटले. २००४ मध्ये अपील न्यायालयाला पटले नाही. दुसरा खटला वेस्ट व्हर्जिनियातल्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीचा. लेक्समार्क काही कार्ट्रिजे सवलतीत विकायचे आणि ती एकदाच वापरून आम्हालाच परत करा अशी अट घालायचे. इम्प्रेशन ती रिकामी कार्ट्रिजे गोळा करून, चिपेवर मात करून, भरून विकत होती. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वस्तू विकली तिथे पेटंटचा हक्क संपला, मग विक्रीच्या कागदावर काहीही अट लिहिलेली असो. निकाल लिहिताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजचा दाखला घेतला: सुट्या भागांच्या प्रत्येक उत्पादकाला विक्रीनंतरही हक्क बजावता आला तर असे गॅरेज चालायचेच नाही. या गोष्टीची शेपटी आणखी मजेशीर आहे. चीनमधल्या झुहाई शहरात चिपा बनवणाऱ्या एपेक्स या कंपनीने २०१५ मध्ये स्टॅटिक कंट्रोल विकत घेतली आणि २०१६ मध्ये तिच्याच पुढाकाराने लेक्समार्कही. कुलूप करणारा आणि किल्ली करणारा काही वर्षे एकाच घरात नांदले. नंतर लेक्समार्क झेरॉक्सकडे गेले. तत्त्वासाठी भांडणाऱ्या कंपन्यांच्या तत्त्वांचे मोल किती, हे यावरून ज्याने त्याने ठरवावे.

चिपेशिवाय छपाई अशक्य असते तर हा सगळा वाद फोल ठरला असता. पण चिपेशिवायचा काळ फार लांबचा नाही. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली, तेव्हा कोणत्या पेनात ती शाई भरायची हे त्यांनी विचारले नाही आणि पेन करणाऱ्यानेही दांडेकरांची शाई नाकारली नाही. चेन्नईचेच उदाहरण घ्यायचे तर टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. महाराष्ट्रातल्या पतसंस्था, औषधांची दुकाने आणि मालवाहतुकीची कार्यालये वर्षानुवर्षे त्यांच्या करकरीवर चालली. रिबन फिकी पडली की मापाची दुसरी रिबन, कोणाचीही, आणून घालायची; काटकसरी माणूस जुन्या कवचात नुसती नवी पट्टी भरून घ्यायचा. प्रिंटरला त्याचे काही सोयरसुतक नसे. एचपीचा लेसरजेट १०२० आणि त्याचे १२ए टोनर आपल्याकडे जे गावोगाव पोचले त्यात त्या टोनरवर चिप नसण्याचा वाटा मोठा होता. तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सवाल्याला ते उघडता येत होते, भरता येत होते, ड्रम आणि ब्लेड बदलता येत होते. त्यामुळे प्रिंटरचे नाव खराब झाले नाही, उलट वाढले. स्वतःच्या धंद्याच्या इतिहासाकडे कंपन्यांनी जरा नीट पाहिले असते तर चिपेच्या बाजूने इतक्या ठामपणे बोलणे त्यांना जमले नसते.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा आहे. छोटा इंकजेट प्रिंटर कंपनी जवळजवळ तोट्यात विकते आणि तो तोटा शाईतून भरून काढते. शाई बाहेरून भरली तर हे गणित मोडते आणि शेवटी प्रिंटर महाग होतो. एचपीचे तेव्हाचे प्रमुख एनरिके लोरेस यांनी २०२४ मध्ये एका मुलाखतीत हे जवळपास याच शब्दांत सांगितले: प्रत्येक विकलेला प्रिंटर ही आमची त्या ग्राहकातली गुंतवणूक असते. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण त्याचा उत्तरार्ध खरा आहे. कुलूप गेले तर स्वस्त प्रिंटर तितका स्वस्त राहणार नाही आणि वर्षातून चार पाने छापणाऱ्याला ते टोचेल. पण आज त्याची सूट कोण भरतो तेही पाहा. जो सर्वात जास्त छापतो तो भरतो: चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत विद्यार्थ्यांचे प्रबंध छापून देणारा, लग्नाच्या अल्बमचे फोटो काढणारा, शाळेजवळचा दुकानदार. ज्याचे पोट छपाईवर आहे त्याच्याकडून घेऊन ज्याचे नाही त्याला द्यायचे, आणि वर याला ग्राहकहित म्हणायचे. शिवाय तोट्यात विका असे कंपनीला कोणी सांगितलेले नाही. विक्रेत्याने आपल्या सोयीने निवडलेल्या भावपद्धतीचे रक्षण करणे हे गिऱ्हाइकाचे कर्तव्य होत नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. बाहेरची शाई हेड खराब करते. करू शकते, यात शंका नाही. काही कार्ट्रिजांत काळी शाई रंगकणांची असते आणि रंगीत शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या. एकीच्या जागी दुसरी ओतली तर बारीक छिद्रे तुंबतात. दुकानात सगळ्या प्रिंटरांना एकच मोठी बाटली वापरणारे महाभाग आहेतच. पण या आक्षेपाचे उत्तर चिपेच्या बांधणीतच आहे. चिप शाई चाखत नाही. तिला शाईचा घट्टपणा, आम्लता, रंगकणांचा आकार यांतले काही कळत नाही. तिला कळतो फक्त एक क्रमांक. खऱ्या खोक्यात वर्षानुवर्षे पडून बिघडलेली शाई ती स्वीकारते आणि आज भरलेली उत्तम शाई नाकारते. दर्जाचा पहारेकरी म्हणून जिला नेमले आहे ती फक्त गणवेश पाहते. आणि खरेच हेड बिघडले तर त्याला हमी नाकारण्याचा मार्ग कंपनीला मोकळा आहेच. बाहेरच्या शाईने बिघाड झाला हे दाखवा आणि हमी नाकारा. त्यासाठी छपाई आधीच थांबवायचे कारण नाही.

मात्र इथे चिप बदलणाऱ्यांच्या बाजूचेही एक वैगुण्य सांगितले पाहिजे, नाहीतर हा युक्तिवाद एकतर्फी होईल. भरून वापरायच्या कार्ट्रिजांवर बसणारी चिप बहुधा स्वतःच पूर्ववत होणारी असते. शाई संपल्याची खूण आली की कार्ट्रिज काढून पुन्हा घातले, किंवा प्रिंटर बंद करून सुरू केला, की ती सांगते, टाकी भरलेली आहे. टाकी खरोखर भरली की नाही याची तिला पर्वा नाही. मूळ चिप शाई असताना संपली म्हणते, ही चिप नसतानाही भरली म्हणते. ज्या प्रिंटरांत शाई तापवून थेंब उडवले जातात त्यांत कोरडे हेड चालवले तर ते जळते. असे कितीतरी हेड या खोट्या ‘भरली’पायी गेले असतील. म्हणून जाणते दुकानदार पारदर्शक कार्ट्रिजच वापरा, डोळ्यांनी पातळी पाहा, अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, असे बजावतात. हे वैगुण्य खरे, पण ते आले कुठून? मोजपट्टी आणि कुलूप एकत्र जोडल्यामुळे. कुलूप उघडायचे तर मोजपट्टीही मोडावी लागते, दुसरा मार्ग ठेवलेलाच नाही. मोजपट्टी मोकळी असती, शाई भरल्यावर ‘मी टाकी भरली’ असे सांगायचे एक बटण असते, तर खोटे बोलणाऱ्या चिपा विकायला बाजारच उरला नसता.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे, सुरक्षेचा. वर उल्लेखलेल्या मुलाखतीत लोरेस म्हणाले की परक्या कार्ट्रिजमधून विषाणू प्रिंटरमध्ये आणि तिथून संगणकांच्या जाळ्यात शिरू शकतो. या भीतीला थोडा आधार आहे. कंपनीने संशोधकांना बक्षीस लावून केलेल्या तपासणीत चिपेतून गैरमार्गाने प्रिंटरमध्ये शिरण्याची एक फट सापडली होती. पण जरा थांबून विचार केला की हसू येते. फट प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि ज्या वाटेने ती उघडली ती वाट कार्ट्रिजला चिप जोडली म्हणून अस्तित्वात आली. रिबनमधून कधी विषाणू शिरल्याचे ऐकिवात नाही. फट बुजवणे हे प्रिंटर करणाऱ्याचे काम आहे आणि ते त्याने केलेच पाहिजे. बाकी सगळ्यांच्या शाईवर बंदी घालून ती बुजत नाही. उलट, सुरक्षेच्या नावाने येणाऱ्या अद्ययावतीकरणांनीच गिऱ्हाइकाला जास्त घाबरवले आहे. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या अनेक प्रिंटरांनी आदल्या दिवशीपर्यंत चालणारी कार्ट्रिजे एकाएकी नाकारली. ओरड झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त करून काही प्रिंटरांसाठी पर्यायी सॉफ्टवेअर दिले, पण पद्धत सोडली नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२०च्या डिसेंबरात, ही मर्यादा ग्राहकांना नीट सांगितली नाही म्हणून, एक कोटी युरोंचा दंड केला. मुद्दा लक्षात घ्या: प्रिंटर विकत घेतला त्या दिवशी त्याला जे जमत होते ते नंतर काढून घेतले गेले. वस्तू विकून झाल्यावर तिच्यातले काही परत नेण्याला आपण एरवी काय म्हणतो?

नकली मालाचा आक्षेप मात्र पूर्णपणे योग्य आहे आणि तो या चर्चेबाहेर ठेवला पाहिजे. कंपनीच्या नावाचे खोके, तिचा होलोग्राम आणि आत भलतीच शाई, हा सरळ सरळ गुन्हा आहे. पण ‘अमुक प्रिंटरला चालणारे’ असे लिहून आपल्या नावाने विकणे वेगळे. आपल्या १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यातले कलम ३० असा उल्लेख करू देते, कारण त्याशिवाय सुटा भाग विकताच येणार नाही. एकूण भारतीय कायदा या बाबतीत वाटतो त्यापेक्षा समंजस आहे. पेटंट कायद्याचे कलम १४० म्हणते की पेटंट घेतलेली वस्तू विकताना, तिच्यासोबत लागणारी दुसरी वस्तू माझ्याकडूनच घे अशी अट करारात घालणे बेकायदा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले ६५अ हे कलम तांत्रिक कुलूप मोडण्याला शिक्षा सांगते, पण कुलूप मोडण्यामागे कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असेल तरच. दहा पाने छापायला शाई भरणाऱ्याचा असा हेतू कोणी सिद्ध करून दाखवावा. परदेशातून आणलेल्या सॅमसंग प्रिंटरांच्या विक्रीवरून झालेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ठरवले की जगात कुठेही एकदा रीतसर विकलेला माल इथे पुन्हा विकायला चिन्हाच्या मालकाची आडकाठी चालणार नाही. दुकानात तशी स्पष्ट पाटी लावली म्हणजे झाले. थोडक्यात, भारतीय कायद्याने करारातली अट अडवली आहे, न्यायालयातली धमकी बरीचशी बोथट केली आहे. अडवायचे राहिले ते फक्त यंत्रात बसवलेले कुलूप. कागदावर जी अट लिहिता येत नाही तीच चिपेत लिहून कंपन्या मोकळ्या झाल्या.

चेन्नईत हा प्रश्न आणखी एका अंगाने ओळखीचा आहे. कूवम नदीच्या पलीकडे पुदुपेट आहे, जुन्या गाड्या सोडवून त्यांचे सुटे भाग विकणारा मोठा बाजार. तिथे मिळालेला दरवाजा किंवा गिअरबॉक्स बसवला तर गाडी चालायची थांबत नाही. तरीही सुट्या भागांवरची पकड हा गाड्यांच्या धंद्यातही वादाचा विषय झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला, कारण त्या आपले सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. चेन्नईजवळ कारखाना असलेल्या ह्युंदाईविषयीचा आदेश २०१५ मध्ये वेगळा आला, सुमारे ४२० कोटींचा. या आदेशांवर पुढे अपिले झाली, पण आयोगाची मांडणी मोलाची आहे: एकदा गाडी घेतली की तिच्या सुट्या भागांचा बाजार हा स्वतंत्र बाजार असतो आणि तिथे ती कंपनी एकटीच राजा असते. यावर असे म्हणता येईल की प्रिंटर काही लाखांची गाडी नाही; परवडत नसेल तर दुसरा घ्या. पण दुसरा घ्या म्हणजे पहिला भंगारात टाका. आपल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरचा उल्लेखच ‘कार्ट्रिजसह’ असा आहे, म्हणजे रिकाम्या कार्ट्रिजची जबाबदारीही उत्पादकाची. एकीकडे ती गोळा करायची जबाबदारी घ्यायची आणि दुसरीकडे ती पुन्हा भरली जाऊ नयेत याची तजवीज करायची, हे एकाच कंपनीचे दोन हात आहेत. युरोपीय संघाने २००२च्या ई-कचरा निर्देशातच लिहून ठेवले होते की रचनेतल्या खास क्लृप्त्यांनी पुनर्वापर रोखला जाऊ नये. अंमल ढिला राहिला हा भाग वेगळा.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. आता टाकीचे प्रिंटर आले, बाटलीने शाई ओता, चिप इतिहासजमा झाली, मग हे रडगाणे कशाला? टाकीचा प्रिंटर हा रिची स्ट्रीटसारख्या बाजारांचाच विजय आहे, हे आधी नोंदवू. कार्ट्रिजांना नळ्या जोडून बाजूला बाटल्या टांगायची युक्ती, आपल्याकडे फोटो स्टुडिओंनी एप्सन टी६० सारख्या प्रिंटरांवर सर्रास वापरलेली, आशियाभर रुजली होती. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात तेच रूप कारखान्यातून आणले. पुढे काळ्या शाईची ६५ मिलिलिटरची बाटली साडेचार हजार पानांच्या बोलीने विकली जाऊ लागली आणि कंपनीचे दिवाळे निघाले नाही. २०२५ मध्ये एप्सनने भारतातले आपले पहिले प्रिंटर उत्पादन चेन्नई परिसरात सुरू करण्याचे जाहीर केले तेही टाकीच्याच प्रिंटरांचे. शाई खरी विकूनही धंदा होतो याला यापेक्षा मोठा पुरावा नको. पण कुलूप गेले असे समजू नये. सुरुवातीच्या एल१००, एल२००, एल८०० या प्रिंटरांत बाटलीवर छापलेला तेरा आकड्यांचा क्रमांक टाइप केल्याशिवाय शाईचा हिशोब पूर्ववत होत नसे. चिप काढून तिचे काम बाटलीवरच्या कागदाला दिले होते. पुढच्या नमुन्यांत तो क्रमांक गेला, पण हेड साफ करताना वाया जाणारी शाई शोषणाऱ्या पॅडची मोजदाद करणारा आकडा राहिला. तो भरला की प्रिंटर ठप्प होतो आणि दुकानदार रिसेट करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या शोधात निघतो. पॅड खरेच भरते, शाई खाली गळू शकते, म्हणून सूचना हवीच. नव्या अनेक प्रिंटरांत ते पॅड घरच्या घरी बदलता येईल अशा पेटीत घातले आहे, ही चांगली सुधारणा. त्या पेटीवर चिप आहे, ही तिची दुसरी बाजू. त्या चिपेचेही रिसेटर बाजारात आले.

म्हणून चिपेवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. मोजपट्टी म्हणून तिचा उपयोग आहे. मागण्या तीनच आहेत आणि त्या फार नाहीत. शाई कमी आहे, परकी आहे, पॅड भरत आले आहे, असे प्रिंटरने खुशाल सांगावे. मालकाने ‘समजले’ म्हटल्यावर छापावे. विक्रीच्या दिवशी जी कार्ट्रिजे चालत होती ती नंतरच्या कोणत्याही सॉफ्टवेअरने बंद पडू नयेत. आणि बाहेरची शाई चालते की नाही हे खोक्यावर, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहावे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एका वस्तूसोबत दुसरी घ्यायला भाग पाडण्याला प्रतिबंधक व्यापारप्रथा म्हटले आहे, तेव्हा यासाठी नवा कायदाही नको. असलेला वापरायची इच्छा पुरेशी आहे. मद्रास उच्च न्यायालयात २०२३ पासून बौद्धिक संपदेचा वेगळा विभाग आहे, त्यामुळे दाद मागायला जागाही लांब नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे ठरवली. त्या यादीत प्रिंटर आणि त्याचे कार्ट्रिज ही नावे स्पष्टपणे घालावीत. तोवर प्रिंटर घेताना दुकानदाराला एवढे अवश्य विचारा की शाई संपली हे कोण ठरवते, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पैसे काढू नका.